गुरुवारच्या आढावा बैठकीची विषयपत्रिका : प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२६, सोमवार

सकाळी गेल्या वर्षाच्या तिन्ही वह्या काढून बसले. जुन्या मराठी मासिकांच्या डिजिटायझेशनचं काम करणारे आम्ही अकरा जण. स्कॅनिंगवर दोघे, ओसीआर (स्कॅनच्या चित्रातून मजकूर ओळखणं) आणि सर्व्हर बघणारा एक, मुद्रितशोधक पाच (त्यातले तिघे घरून), ग्रंथपाल मॅडम, हिशेब बघणाऱ्या ताई आणि समन्वयाला मी. दर गुरुवारी अकरा वाजता आढावा बैठक. वही माझ्याकडे.

वह्यांत एकच गोष्ट शोधत होते. जुन्या मजकुरातले अनुच्चारित अनुस्वार ठेवायचे की काढायचे? १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या अंकांत पानोपानी 'नांव', 'कांहीं', 'त्यानें' असं छापलेलं असतं. जुलैच्या वहीत निर्णय सापडला : जसं छापलंय तसंच ठेवायचं. सप्टेंबरच्या वहीत तीच चर्चा, तोच निर्णय. डिसेंबरमध्ये तिसऱ्यांदा चर्चा, वेळ संपला, पुढे लिहिलेलं 'पुढील बैठकीत घेणे'. पुढच्या बैठकीत कुणी घेतलाच नाही. दरम्यान एका मुद्रितशोधकाने ३८ पानांवरचे अनुस्वार काढून टाकले होते. ते ऑक्टोबरात रुजू झाले, आधीचे निर्णय त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. ती ३८ पानं पुन्हा मूळ स्कॅनशी ताडून बघावी लागली.

माणसं सगळी मन लावून काम करणारी आहेत. खोट आहे ती विषय राहतो कुठे यात. आमचा विषय बैठकीत निघतो आणि बैठक उठली की वहीत मिटला जातो. पुढच्या गुरुवारी वही नव्या पानावर उघडते.

ओपनप्रोजेक्ट हे प्रकल्पाची कामं सांभाळायचं सॉफ्टवेअर ऑक्टोबरपासून आमच्याच कार्यालयातल्या मशीनवर चालू आहे. चार जीबी रॅम आहे आणि आमच्या अकरा जणांना ती पुरते. आतापर्यंत फक्त कामांच्या यादीसाठी वापरलं. त्यात बैठकांचा विभाग आहे आणि २०२५पासून ठरावीक काळाने होणाऱ्या बैठकांची मालिकाही लावता येते. मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "मार्चअखेरपर्यंत करून बघ. पण वही लगेच बंद करू नकोस."

८ जानेवारी, गुरुवार

मालिका लावली. दर आठवडा, गुरुवार, सकाळी ११, एक तास.

मालिका तयार केली की सॉफ्टवेअर आधी टेम्प्लेटवर नेतं. दर बैठकीला जे विषय असतातच ते तिथे मांडायचे. मग पहिली बैठक 'उघडायची'. उघडते त्या क्षणी टेम्प्लेटची नक्कल त्या बैठकीत उतरते. मी घाईने आधी बैठक उघडली आणि मग टेम्प्लेट सजवत बसले. अकरा वाजता प्रोजेक्टरवर बैठकीचं पान लावलं तर त्यात एकही विषय नाही. टेम्प्लेटमध्ये नंतर केलेला बदल आधीच उघडलेल्या बैठकीला लागू होत नाही, फक्त पुढच्यांना होतो. विचार केल्यावर हे बरोबरच वाटलं. ज्या विषयपत्रिकेवर लोक तयारी करून येतात ती आदल्या रात्री कुणी मागून बदलू नये. सगळे विषय हाताने भरून बैठक घेतली, अर्धा तास उशिरा सुरू झाली.

तीन विषय राहिले. विषयाच्या मेनूत 'पुढच्या बैठकीला हलवा' असा पर्याय आहे. तिन्ही हलवले. बैठकीची वेळ उलटल्यावर पुढची, १५ तारखेची, आपोआप उघडली आणि त्यात टेम्प्लेटच्या विषयांसोबत हे तीन होते. वहीत हे कधीच झालं नसतं.

९ जानेवारी, शुक्रवार

काका आज टेम्प्लेट बघायला मुद्दाम लवकर आले. काका म्हणजे आमचे सर्वांत ज्येष्ठ मुद्रितशोधक. आयुष्यभराची नोकरी जिल्हा परिषदेच्या कार्यालयात, त्यातली बरीच वर्षं सभांची इतिवृत्तं लिहिण्यात गेलेली. मी टेम्प्लेटमध्ये 'सर्वसाधारण', 'तांत्रिक', 'इतर' असे भाग केले होते. ते वाचून काही क्षण काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अगं, हे खात्यांचे भाग झाले. विषयपत्रिकेचे भाग विषयाचं काय करायचं आहे त्यावरून पडतात."

मग त्यांनी कागदावर लिहून दाखवलं. त्यांच्याकडे पहिला विषय ठरलेला : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. त्याला लागून मागच्या निर्णयांवर काय झालं त्याचा अनुपालन अहवाल. मग टिपणीसह आलेले विषय. शेवटी, अध्यक्षांच्या परवानगीने, आयत्या वेळचे विषय. हा क्रम मी शाळेच्या पालकसभेपासून सोसायटीच्या नोटिशीपर्यंत शेकडो वेळा वाचला असेन, पण तो असा का आहे याचा विचार केला नव्हता. सभा संपत आली की माणसं दमतात. म्हणून मागचं देणं आधी फेडायचं आणि अचानक आलेलं शेवटी घ्यायचं.

आता टेम्प्लेटचे भाग असे :

मागील निर्णयांची अंमलबजावणी, १० मिनिटं. अडलेली कामं, २० मिनिटं. निर्णयाचे विषय, २० मिनिटं. आयत्या वेळचे विषय, १० मिनिटं.

'माहितीसाठी' असा पाचवा भाग मला हवा होता. काकांनी तो घालू दिला नाही. "माहिती द्यायला परिपत्रक असतं, सभा कशाला?" पटलं. तसली माहिती आता आदल्या दिवशी गटावर टाकायची.

प्रत्येक विषयाला मांडणाऱ्याचं नाव देता येतं. हे काकांना फार आवडलं. जिल्हा परिषदेत ज्या खात्याचा विषय त्या खात्याची टिपणी जोडल्याशिवाय विषय पत्रिकेवर येत नसे, असं म्हणाले. आम्हीही ठरवलं : मांडणारा नाही तर विषय नाही, आणि विषयाखालच्या टिपांच्या चौकटीत निदान दोन ओळी हव्यात.

१४ जानेवारी, बुधवार

उद्या महापालिकेचं मतदान, सुट्टी. बैठक नाही. मालिकेतली १५ तारखेची बैठक रद्द केली. तिळगूळ वाटून सगळे लवकर गेले.

१६ जानेवारी, शुक्रवार

कालच्या, रद्द केलेल्या बैठकीसोबत ते तीन विषयही गेले.

सकाळी २२ तारखेची बैठक उघडून बघितली, त्यात फक्त टेम्प्लेट. मी गृहीत धरलं होतं की विषय आपोआप पुढे सरकतील. रद्द करताना सॉफ्टवेअरने स्पष्ट विचारलं होतं की टेम्प्लेटमध्ये नसलेली या बैठकीची माहिती जाईल, चालेल का? घरी जायच्या घाईत मी 'हो' केलं. चूक माझी आहे आणि ती इथे नोंदवून ठेवते.

तीनपैकी एक विषय लगेच मिळाला. तो वर्क पॅकेजला जोडलेला होता, म्हणजे कामांच्या यादीतलं एक काम विषय म्हणून बैठकीत आणलेलं. बैठक गेली तरी काम जागेवर होतं, त्याचं वर्णन आणि त्यावरचा संवादही. बाकी दोन नुसते मजकुराचे विषय होते. त्यातला स्कॅनरच्या काचेचा मला आठवला. तिसरा आठवेना. मॅडमनी वही बंद करू दिली नव्हती म्हणून तो सापडला : टोपणनावाने छापलेल्या लेखांचे हक्क. घाईच्या अक्षरात अर्धी ओळ लिहिलेली होती.

यातून या कामातली सगळ्यात मोठी गोष्ट हाती लागली. मजकुराचा विषय त्या बैठकीपुरता जगतो. कामाला जोडलेला विषय बैठकीच्या बाहेर राहतो आणि बैठकीत हजेरी लावतो. त्यामुळे आजपासून नियम : जो विषय एका बैठकीत मिटेल असं छातीठोक सांगता येत नाही, त्याचं आधी वर्क पॅकेज करायचं आणि मगच तो पत्रिकेवर घ्यायचा. कामाच्या पानावर बैठकांचा वेगळा टॅब असतो, तिथूनच ते काम पुढच्या बैठकीत घालता येतं. स्कॅनिंगची मुलं हे मोबाइलवरून करू लागली आहेत.

अनुस्वारांचा प्रश्नही आज वर्क पॅकेज झाला. क्रमांक २१४.

२२ जानेवारी, गुरुवार

बैठकीत निर्णय लिहायची जागा सापडत नव्हती. बैठकीची स्थिती 'उघडी'वरून 'सुरू'वर नेली की प्रत्येक विषयाखाली निष्पत्ती लिहिण्याचा पर्याय येतो. म्हणजे आधी विषयपत्रिका, मग बैठक सुरू झाल्याचं जाहीर करायचं, मग निर्णय, आणि शेवटी बैठक 'बंद'. बंद केली की पत्रिकेत फेरफार होत नाही.

२१४ घेतला. मॅडमनी पाच मिनिटांत संपवला. निष्पत्ती अशी लिहिली : 'छापील पानावर जसे अनुस्वार आहेत तसेच मजकुरात ठेवणे. शोधासाठी आजच्या लेखनाची वेगळी प्रत सर्व्हर तयार करील. मुद्रितशोधकांनी हात लावू नये.' दुसरं वाक्य नवीन आहे. तीनदा चर्चा झाली तेव्हा ते निघालं नव्हतं, कारण दर वेळी सुरुवात शून्यापासून व्हायची.

आयत्या वेळी एक वेगळाच विषय आला. घरून काम करणाऱ्या एका ताईंनी फोनवरून सांगितलं, "मी 'वाचणाऱ्या' शोधते तर मला माहीत असलेलं पान येतच नाही. पान समोर उघडं आहे, शब्द डोळ्यांना दिसतोय, पण शोधात सापडत नाही." सर्व्हर बघणाऱ्याने बैठकीतच दोन्ही शब्द उलगडून दाखवले. पडद्यावर दोन्ही 'ऱ्या' हुबेहूब सारखे. आत मात्र एकात नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला, ऱ आणि हलन्त, तर दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर, म्हणजे अक्षरं जोडणारं चिन्ह. काही पानं एका तऱ्हेने टंकलेली, काही दुसऱ्या. वाचणाऱ्याला भेद कळणं शक्य नाही आणि संगणकाला ते दोन वेगळे शब्द. आमच्या संग्रहात 'करणाऱ्या', 'येणाऱ्या', 'दुसऱ्या' असे शब्द पानागणिक आहेत. खोलीत कुणी काही बोललं नाही थोडा वेळ.

वर्क पॅकेज २२१. सर्व्हर बघणाऱ्याच्या नावावर.

२९ जानेवारी, गुरुवार

प्रत्येक विषयाला मिनिटं दिली की सॉफ्टवेअर बेरीज दाखवतं आणि बैठकीच्या वेळेपेक्षा जास्त झाली तर तसं सांगतं. आज सकाळी दहाला बेरीज १४० मिनिटं होती. बैठक साठची.

आधी हे कधी समोर आलंच नव्हतं. वहीत बारा विषय लिहिले की बारा विषय दिसतात, मिनिटं दिसत नाहीत. बैठक सव्वाला संपायची, ताईंचं बँकेचं काम राहायचं आणि शेवटचे चार विषय नुसते वाचून दाखवले जायचे. आज बैठकीआधीच सात विषय बाजूला काढले. कुठे ठेवायचे, हा प्रश्न उरला. सगळे ५ तारखेला ढकलले तर ती बैठक आधीच भरते.

३ फेब्रुवारी, मंगळवार

उत्तर मिळालं : मालिकेचा बॅकलॉग. मालिकेतल्या सगळ्या बैठकांना मिळून विषयांचा एक साठा असतो. कोणतीही बैठक उघडली की तो पानावर दिसतो. विषय साठ्यातून बैठकीत ओढायचा, नाही झाला तर परत साठ्यात टाकायचा. ते सात विषय तिकडे नेले.

'पुढच्या बैठकीला हलवा' आणि 'बॅकलॉगमध्ये ठेवा' या दोन गोष्टींत आम्ही जो भेद ठरवला तो लिहून ठेवते. पुढच्या गुरुवारी नक्की घ्यायचा असेल आणि मांडणारा हजर असणार असेल तरच हलवायचा. बाकी सगळं बॅकलॉगमध्ये. काका याला 'तहकूब' आणि 'प्रलंबित' म्हणतात. आता सगळेच तसं म्हणू लागलेत. "२२१ तहकूब ठेवू की प्रलंबित?" असा प्रश्न आला की दोन सेकंदांत निकाल लागतो. इंग्रजी बटणांच्या नावांवरून हे इतकं पटकन कुणाच्या लक्षात येत नव्हतं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

बैठक ५५ मिनिटांत संपली. ताई साडेबाराला बँकेत होत्या.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

गेल्या तीन बैठकांच्या निष्पत्ती काकांनी छापून घेतल्या आणि लाल पेनाने खुणा करून आणल्या, मुद्रितशोधनाच्या खुणा. अकरा ठिकाणी 'चर्चा झाली' होतं. सगळ्यांवर रेघ.

"'सविस्तर चर्चा झाली' असं वाक्य आलं की समजावं, काही ठरलं नाही. ठरलं नसेल तर तसं लिहा. 'निर्णय झाला नाही, कारण अमुक माहिती नाही, ती अमुक जण अमुक तारखेपर्यंत आणतील.' हे इतिवृत्त."

टोपणनावाच्या लेखांचा विषय आज त्यांच्या पद्धतीने लिहून बघितला. आधी माझं वाक्य होतं : 'टोपणनावांच्या हक्कांबाबत चर्चा झाली, तज्ज्ञांशी बोलावे.' नवं : 'लेखकाची ओळख पटलेली असेल तर निधनाच्या पुढच्या वर्षारंभापासून साठ वर्षं मोजायची. टोपणनावामागचा लेखक कळलेला नसेल तर प्रकाशनाच्या पुढच्या वर्षारंभापासून साठ. मॅडम व काका दोन्ही याद्या वेगळ्या करतील, २६ फेब्रुवारी.' १९५७च्या कॉपीराइट कायद्यात हे आहे आणि मॅडमना पाठ आहे. बैठकीत त्या दर वेळी तोंडी सांगत आल्या होत्या, लिहिलं कुणीच नव्हतं. याच हिशेबाने १९६५ साली निधन झालेल्या लेखकांचं लेखन या १ जानेवारीला खुलं झालं. म्हणजे हा विषय महिनाभर रखडला तेवढा काळ ते लेख आम्ही वाचकांपासून अडवून ठेवले. मला हे लागलं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

परवा शिवजयंती, गुरुवारच. या वेळी क्रम पाळला. आधी १९ तारखेच्या बैठकीत उतरलेले चारही विषय उघडून बघितले. दोन बॅकलॉगमध्ये नेले. उरलेले दोन वर्क पॅकेजला जोडलेले होते, तरी तेही नेले, कारण विषयाखाली लिहिलेल्या टिपा बैठकीसोबत जातात. पत्रिकेत टेम्प्लेटशिवाय काही उरलं नाही याची खात्री केली. मग रद्द.

दिनदर्शिका पुढे चाळली. १९ मार्च गुढीपाडवा, गुरुवार. २६ मार्च रामनवमी, गुरुवार. हे वर्ष गुरुवारच्या बैठकीचं दिसत नाही. दिवस बदलावा का, असा विषय बॅकलॉगमध्ये टाकला, मांडणारी मी.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

उद्या मराठी भाषा गौरव दिन. वाचनकक्षात प्रदर्शन आहे, सकाळपासून सगळे टेबलं हलवण्यात. बैठक रद्द करायचं चाललं होतं, पण मॅडम म्हणाल्या, "वीस मिनिटं बसू. २२१ आज संपवायचा आहे." उद्या लोक येऊन संकेतस्थळावर शब्द शोधून बघणार होते.

२२१चा बैठकांचा टॅब उघडला. तीन बैठकांतल्या तीन निष्पत्ती एकाखाली एक. २२ जानेवारी : दोन तऱ्हा आढळल्या, किती पानं ते मोजणे. ५ फेब्रुवारी : निम्म्याहून जास्त पानं जॉइनरवाली, युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या नोंदी एकरूप करणं) लावून बघणे. १२ फेब्रुवारी : नॉर्मलायझेशनने उपयोग नाही. ते र आणि नुक्ता वेगवेगळे असतील तर ऱ शी एकरूप करतं, जॉइनरवाल्या रूपाला हात लावत नाही, म्हणून स्वतःचा नियम लिहावा लागेल.

आज चर्चा करायला काही उरलंच नव्हतं. साठवताना सगळीकडे ऱ आणि हलन्त. वाचकाने शोधपेटीत काहीही टंकलं तरी आधी त्याच रूपात बदलून मग शोध. सर्व्हर बघणाऱ्याने नियम कालच चालवून बघितला होता. बैठकीतच त्याने बटण दाबलं. फोनवरच्या ताईंनी 'वाचणाऱ्या' टंकलं. "आलं," म्हणाल्या. मग आणखी एकदा, "अहो, आलं की!"

टेबलं लावायला परत गेलो.

५ मार्च, गुरुवार

घरून काम करणाऱ्या दोघांना पत्रिकेतले दोन विषय दिसत नव्हते, नुसती जागा अडलेली दिसत होती. हिशेबाची कामं वेगळ्या प्रकल्पात आहेत आणि त्या दोघांना तिथे प्रवेश नाही. बैठकीला बोलावलं म्हणून जोडलेलं काम दिसेलच असं नाही. हे बरोबर आहे, मानधनाचे आकडे सगळ्यांना दिसू नयेत. पण आपल्यापासून काही लपवलंय असं त्या दोघांना वाटलं आणि एकाने तसं बोलूनही दाखवलं. त्यांचं वाटणं रास्त होतं. हिशेबाचे विषय यापुढे गुरुवारच्या पत्रिकेवर नाहीत, मॅडम, ताई आणि मी दर सोमवारी वेगळं बसू.

१२ मार्च, गुरुवार

बॅकलॉगमध्ये २३ विषय झाले. साठा आहे म्हणून साठतंय. काही जणांनी तिथे नुसत्या इच्छा टाकल्या आहेत. 'स्कॅनरची काच' जानेवारीपासून पडून आहे, मांडणाऱ्याचं नाव नाही. माझाच विषय, हरवलेल्यांपैकी, परत लिहिताना नाव घालायचं राहिलं.

आज बैठकीतली पंधरा मिनिटं याच कामाला दिली. प्रत्येक विषय वाचला आणि एकच प्रश्न विचारला : हा घ्यायला कोण तयार आहे? नऊ विषयांना कुणीच हात वर केला नाही, ते काढले. काढताना वाईट वाटलं, त्यातले दोन चांगले होते. पाच विषय मुळात कामंच होती, बैठकीची गरजच नव्हती, ती थेट नेमून दिली. काच त्यातलीच एक. स्कॅनिंगच्या मुलाने सांगितलं, काच दीड महिन्यापूर्वीच त्याने स्वतः बदलून घेतली. ज्या रेघेमुळे विषय आला होता ती रेघ काचेवर नव्हतीच, आतल्या पट्टीवर धूळ होती, तीही पुसली. बैठकीची वाट बघत बसला असता तर अजून रेघा असलेली पानं येत राहिली असती. त्याचं कौतुक केलं आणि विषय काढून टाकला.

नऊ उरले. महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी ही छाटणी करायची.

नवीन मुद्रितशोधक ताई आजपासून आल्या. पहिल्या तासाभरात त्यांचा प्रश्न : "हे 'कांहीं' वरचे टिंब चुकून राहिलेत का?" त्यांच्या शेजारी बसलेल्या मुलाने २१४ उघडून दिला. मी ताईंच्या टेबलापर्यंत पोचायच्या आत त्या पुढच्या पानावर होत्या.

१७ मार्च, मंगळवार

परवा पाडवा आणि पुढचा गुरुवार रामनवमी. दोन्ही रद्द केले तर बैठक थेट २ एप्रिलला आणि मध्ये आर्थिक वर्ष संपतंय. मालिकेबाहेर एखादी स्वतंत्र बैठक लावायचा विचार होता. पण मालिकेचा बॅकलॉग मालिकेपुरताच असतो, स्वतंत्र बैठकीचा साठा वेगळा. विषय इकडून तिकडे नेण्यात पुन्हा काहीतरी हरवेल. त्यापेक्षा मालिकेतलीच २६ तारखेची बैठक उघडली आणि तेवढ्या एकीची तारीख बदलून २५, बुधवार केली. बाकी मालिका गुरुवारीच. १९ची पत्रिका आधी रिकामी करून रद्द केली.

दिवस बदलण्याचा माझा विषय निकाली काढला. मंगळवार बघितला तर १४ एप्रिल मंगळवार, ३१ मार्च मंगळवार, दोन्ही सुट्टीचे. गुरुवारच राहू दे.

२५ मार्च, बुधवार

वर्षअखेरची बैठक, एक तास पाच मिनिटं. निर्णयाच्या विषयांची वीसच्या वीस मिनिटं टोपणनावांच्या यादीला लागली. काकांनी ४१ टोपणनावांपैकी १७ची खरी नावं त्याच मासिकांच्या वार्षिक अनुक्रमणिकांवरून काढली आहेत. मूळ अंकांत टोपणनाव आणि वर्षअखेरच्या अनुक्रमणिकेत खरं नाव, असं काही संपादकांनी केलेलं दिसतं. एका नावावर काका आणि मॅडम यांचं एकमत झालं नाही. निष्पत्तीत तसंच लिहिलं : 'निर्णय नाही. १९३४चा दिवाळी अंक मूळ प्रतीत बघायचा आहे, बांधणीला गेलेला आहे, ३० तारखेला परत येईल. मांडणार : काका.'

मॅडमनी बैठक बंद करायच्या आधी वही मागितली. शेवटची लिहिलेली ओळ १२ फेब्रुवारीची निघाली. त्यांनी ती कपाटात ठेवली, जुन्या वह्यांसोबत.

२ एप्रिलच्या पत्रिकेत आत्ता : २१४ आणि २२१ची अंमलबजावणी (नव्या ताईंची पहिली १०० पानं तपासून), १९३४चा दिवाळी अंक, ओसीआरचं पुढचं वर्ष. बेरीज ४५ मिनिटं.